वाढीचे कारण कळवावे

“आई, पोलिसांनी अर्ज घेतला आणि गुन्हा घेतला, यांत फरक काय गं?” असं ज्ञानदानं भर दुपारी फोनवर विचारलं तेव्हा शरयूला पहिल्यांदा झाला तो आनंद. ही गोष्ट तिनं पुढं कुणालाच सांगितली नाही, सांगण्यासारखी नव्हतीच. पण खरी होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत घरातल्या एकानंही तिला तिच्या कामातलं काही विचारलं नव्हतं. नवरा मुकुल तर चारचौघांत ‘आमची बायको चोऱ्या मोजते’ अशी ओळख करून द्यायचा, आणि लोक हसले की आपणही हसायचा. म्हणून पोरीनं आपण होऊन विचारलंय म्हटल्यावर शरयूनं डबा बाजूला सारला, खुर्ची खिडकीकडं वळवली आणि समोरच्या अजिंक्यताऱ्याला शिकवावं तसं सांगायला घेतलं. की हे बघ, गुन्हा दाखल झाला की त्याला नंबर पडतो. नंबर पडला की तो ठाण्याच्या महिन्याच्या तक्त्यात येतो, तिथून जिल्ह्याच्या तक्त्यात, मग आमच्याकडं. आम्ही सातारा-सांगलीचे आकडे तपासून पुण्याला पाठवतो, तिथं सगळ्या राज्याची बेरीज होते आणि त्याचं जाडजूड पुस्तक निघतं. अर्जाचं यातलं काहीच होत नाही. अर्जावर चौकशी करतात, समोरच्याला समज देतात, तडजोड होते, संपलं. “म्हणजे तो कुठंच मोजत नाहीत?” ज्ञानदानं विचारलं. “नाही. अर्ज म्हणजे आकडेवारीच्या दृष्टीनं न घडलेली गोष्ट.” हे वाक्य शरयूचं आवडतं होतं, प्रशिक्षणाला आलेल्यांना ती ते हटकून ऐकवायची. पलीकडून ज्ञानदा “बरं” म्हणाली. जेवलीस का, या प्रश्नालाही “हो” म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. शरयूनं डबा पुन्हा पुढं ओढला, गवारीच्या भाजीचा घास घेतला, आणि तो तोंडात असतानाच तिच्या मनात आलं की सांगलीत हळदीच्या शीतगृहात नोकरी करणाऱ्या पोरीला ही माहिती कशाला लागते?

तिनं लगेच उलट फोन केला. ज्ञानदानं उचलला नाही. थोड्या वेळानं निरोप आला, ‘तात्यांकडे आहे. बरी आहे. काळजी करू नकोस.’ काळजी करू नकोस असं वाचून आजवर कुठल्या आईनं काळजी थांबवली आहे? शरयूनं साहेबांच्या दारातूनच, घरी जरा काम निघालंय, असं सांगितलं आणि सांगलीची एसटी धरली. गाडी कराडपर्यंत बरी गेली आणि मलकापूरला पुलाच्या कामापाशी येऊन खोळंबली. पुढं ट्रक, मागं ट्रक, खिडकीतून सिमेंटची धूळ, आणि शरयूच्या डोक्यात रकाने. ही तिची जुनी खोड. पेपरात बातमी वाचली, शेजारच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला, सिनेमात कुणी कुणाला ढकललं, की डोकं आपोआप रकाना शोधू लागायचं. आता तेच डोकं ज्ञानदाला हाताला धरून रकान्यारकान्यांतून फिरवत होतं. मोबाइल गेला असेल. पर्स मारली असेल. स्कूटीला कुणी धडक दिली असेल आणि वर दमदाटी केली असेल. हलक्या रकान्यांत तिनं होता होईल तेवढा वेळ काढला. पुढचे जड रकाने तिला क्रमानं पाठ होते, आणि ते पाठ असल्याचा तिला आयुष्यात पहिल्यांदा राग आला. शेजारची बाई भडंगाची पुडी पुढं करून “घ्या की,” म्हणाली, तेव्हा शरयूनं चिमूटभर घेतले आणि सांगली येईपर्यंत ते मुठीतच धरून ठेवले.

रकान्यांची ही विद्या तिनं सांगलीच्याच कॉलेजात संख्याशास्त्र घेऊन कमावली होती. नोकरीत आली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की ठाण्यांकडून येणारे आकडे कुणी वाचतच नाही, नुसती बेरीज करून पुढं ढकलतात. मग उत्साहाच्या भरात तिनं एक पद्धत बसवली. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी आकडा ताडून बघायचा आणि फार फरक दिसला तर ठाण्याला एक छोटंसं पत्र धाडायचं. मूळ मसुदा असा होता, ‘आपल्या ठाण्याच्या आकडेवारीत वाढ अथवा घट दिसून येते, कारण कळवावे.’ तेव्हाच्या साहेबांनी ‘अथवा घट’ या शब्दांवर लाल रेघ मारली. “अहो बाई, घट झाली तर पेढे वाटायचे की चौकशी लावायची?” सगळे हसले. शरयूही हसली आणि तिनं पत्र पुन्हा टंकलं. वाक्य आता जास्त आटोपशीर झालंय, असंही तिला वाटलं होतं. पुढं संगणक आले, ताडून बघायचं काम यंत्र करू लागलं आणि पत्रंही आपोआप सुटू लागली, खाली शरयूचं नाव छापून. संगणकवाल्यानं तेव्हा एकच शंका विचारली होती, मागच्या वर्षी शून्य असेल आणि यंदा एक, तर वाढ किती दाखवू? शून्यावर टक्केवारी निघत नाही हे तिला शाळेपासून ठाऊक होतं, पण तो घाईत होता, तीही घाईत होती. “दाखव शंभर टक्के,” असं ती म्हणाली. त्यानंतर काही वर्षांतच दोन्ही जिल्ह्यांचे आकडे कसे शहाण्यासारखे वागू लागले. बैठकीत साहेबांचं कौतुक झालं, साहेबांनी शरयूचं केलं. गुन्हे कमी झाले की नुसते आकडे, हा प्रश्न तिला पडला नव्हता असं नाही, चांगला पडला होता. पण नोकरी करणाऱ्या माणसाला सगळेच प्रश्न परवडत नाहीत.

तात्या, म्हणजे शरयूचे वडील, महापुरानं गावभागातलं घर दोनदा धुऊन काढल्यावर विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर राहायला आले होते आणि नात त्यांच्याजवळ राहून नोकरी करत होती. शरयू आत गेली तेव्हा ज्ञानदा स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून काकडी चिरत होती, बोटांची पेरं नेहमीसारखी हळदीनं पिवळी. तिनं आईकडं न बघताच सगळं सांगितलं. शीतगृहात मालकाचा मेहुणा आहे, हिशेब बघतो. ती पोत्यांतले नमुने काढायला आतल्या थंड खोलीत गेली होती. तो मागनं आला, दार ओढून घेतलं, अंगाला हात लावला. तिनं त्याला ढकललं, तर तो हसला, बाहेर गेला आणि दाराला बाहेरून कडी घातली. ‘डोकं थंड झालं की सांग,’ असं म्हणाला. हमाल पोती न्यायला आले तेव्हा दार उघडलं. तोवर ती आत होती. किती वेळ, ते तिला सांगता येत नव्हतं. शरयूनंही, नवल म्हणजे, विचारलं नाही. “हात लावला ते मी घरी येऊन साबणानं धुतलं,” ज्ञानदा म्हणाली. “दार लावलं ते कशानं धुऊ?” आणि शरयूला तिला जवळ घ्यायचं होतं, खरंच घ्यायचं होतं, पण त्याच क्षणी तिच्या डोक्यानं तो हरामखोर नियम पुढं केला. एका फिर्यादीत कितीही कलमं लागली तरी मोजायचं फक्त सगळ्यांत जड कलम, बाकीची बेरजेत येत नाहीत. हात मोजला जाणार होता. दार कुठंच जाणार नव्हतं. तिला स्वतःच्या डोक्याची शिसारी आली.

तात्या मधल्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसले होते. “शरयू, तुला कळतं सगळं,” ते म्हणाले, “पण झाकली मूठ सव्वा लाखाची. नोकरी सोडून दे म्हणावं, सांगलीत शीतगृहं काय थोडी आहेत? अर्ज दिलाय तेवढा पुष्कळ झाला.” त्यांचा आवाज अगदी तोच होता. शरयू कॉलेजात असताना एका संध्याकाळी आयर्विन पुलाच्या टोकाशी सायकलवरून उतरलेल्या एका माणसानं तिला कठड्याशी दाबून धरलं होतं, आणि ती धावत घरी येऊन आईजवळ रडली होती. तात्यांनी दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता सांगितलं होतं, “उद्यापासनं तू गणपतीच्या देवळाच्या अंगानं जात जा.” बस, एवढंच. रस्ता बदलला आणि विषय संपला. ती बरीच वर्षं लांबच्या रस्त्यानं गेली, त्या रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या तिला अजून तोंडपाठ आहेत, आणि त्या माणसाचं तोंड मात्र आठवत नाही. तात्यांवर तिचा तेव्हा राग नव्हता. आज आला, म्हाताऱ्या माणसावर येऊ नये एवढा आला, आणि आल्यावर कळलं की त्यातला निम्मा स्वतःवरचाच आहे. कारण तात्यांनी एकाच मुलीचा रस्ता बदलला होता. तिनं दोन जिल्ह्यांचा बदलला होता.

“मी उद्या पुन्हा ठाण्यात जाणार आहे,” रात्रीच्या जेवणाला ज्ञानदा म्हणाली. “गुन्हाच दाखल करा म्हणणार आहे. तू यायचं असेल तर ये. पण तू कोण आहेस ते सांगायचं नाही.”

“का गं?”

“कारण मला घडलंय. तुला नाही.”

शरयूनं कबूल केलं. पोरीच्या डोक्यावर हात ठेवूनच म्हणाली, नाही सांगत.

मळेभाग ठाणं म्हणजे मागं चिंचेचं झाड असलेली बैठी इमारत, दारात जप्त केलेल्या मोटारसायकलींचा ढीग, आत लाकडी बाकडं. बाकड्यावर एक बाई आधीच बसली होती, डोक्यावर पदर, नखांत हळद. ज्ञानदा तिच्याशेजारी जाऊन बसली आणि त्या दोघी ओळखीच्या असल्यासारखं हळू बोलू लागल्या. शरयूला मग समजलं, ही राहीबाई. जतकडची. तिकडं पाणी नाही म्हणून मायलेकी सांगलीला हळद निवडायला आल्या, त्याच शीतगृहाच्या आवारात. मुलगी सोनिया. तिलाही त्याच माणसानं, त्याच दारामागं. ज्ञानदाच्या कितीतरी आधी. राहीबाईंचाही अर्जच घेतलेला होता आणि त्याचं काय झालं ते विचारायला त्या रोज पाळी सुरू व्हायच्या आत इथं येऊन बसत होत्या. शरयूनं त्यांना नमस्कार केला. त्यांनीही केला, पण आधी तिच्या पर्सकडं बघून घेतलं.

टेबलापाशी बसलेले ठाणे अंमलदार म्हणजे हवालदार निजामभाई. शरयूनं आवाज ओळखला, दर महिन्याला फोनवर ऐकलेला. तोंड आज पहिल्यांदा पाहिलं. माणूस वयस्क, डोळ्याखाली काळं, बोलणं आर्जवी. “या ताई, बसा. पोरीचा अर्ज घेतलाय की आमी. त्या मानसाला बलावून समज बी दिली.”

“समज काय देताय? कोंडून ठेवलं होतं तिला. गुन्हा दाखल करा,” शरयू म्हणाली. हा चढा आवाज त्यांनी फोनवर कधी ऐकला नव्हता, त्यांना ओळख पटली नाही.

निजामभाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ताई, खरं सांगू का? पोरगी माझ्या लेकीच्या, झोयाच्या वयाची हाय. माझं काळीज काय दगडाचं न्हाई. पर गेल्या वर्सी ह्या म्हयन्यात आमच्या ठाण्याला विनयभंग शून्य हाय. एक घेतला की शंभर टक्के वाढ. मग साताऱ्यासनं पत्र येतंय, वाढीचं कारण कळवा. काय कारण कळवू सांगा? मानसं वंगाळ हायत म्हनू?”

“कोण पाठवतं पत्र?” विचारायची काही गरज नव्हती. तरी शरयूनं विचारलं.

“हायत एक मॅडम. लय कडक. फोनवर बोलणं कसं साखरंवानी, पर आकडा वाढला की सोडत न्हाईत. घटला की मात्र चकार शब्द न्हाई. मग आमी बी शिकलो, ताई. कुनी रडत आलं की हात आपसूक अर्जाच्या कागदाकडं जातोय. त्या मॅडमला एकदा हितं आनून बशिवलं पायजे ह्या बाकड्यावर, मग कळंल.” ते हसले. मनात काही धरून बोललेले नव्हते, रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल बोलावं तसं बोलत होते.

शरयूला कान तापल्याचं जाणवलं. शरम होतीच, पण तिच्या तळाशी एक बारीकशी फुशारकीही होती, आणि तीच जास्त लाजिरवाणी होती. लय कडक. म्हणजे पत्रं वाचली जात होती तर. म्हणजे दोन जिल्ह्यांतली माणसं तिच्या एका ओळीला भिऊन होती. साहेबांना नव्हती भीत, पुण्याला नव्हती भीत, तिला. आणि त्या भीतीचा एवढा ढीग साठवून ठेवलेला असताना तो आज, स्वतःच्या पोरीसाठी, एकदाही वापरायचा नाही? ज्ञानदानं तिच्या मनगटावर हात ठेवला होता. “आई, नको,” ती पुटपुटली. शरयूनं तिचा हात बाजूला केला. आपण हे हिच्यासाठीच करतोय, असं ती मनात म्हणाली. तसं म्हणावं लागलं, यातच सगळं आलं.

“ती मॅडम मीच,” शरयू म्हणाली. “आणि ही माझी मुलगी.”

निजामभाई उठून उभे राहिले. त्यांच्या तोंडावर आली ती नुसती दमणूक, घाबरणं नव्हतं; जणू हा माणूस कुणीतरी असं म्हणण्याची बरीच वर्षं वाट बघत होता. मग पुढचं सगळं उतारावरून पाणी जावं तसं झालं. खुर्च्या आल्या, चहा आला, आतल्या खोलीतून अधिकारी स्वतः बाहेर आले आणि “आधी सांगायचं की मॅडम,” असं दोनदा म्हणाले. लिहून घेणारी महिला शिपाई आली. ज्ञानदाला विचारलं, कुठं हात लावला, काय बोलला, कडी कशी होती. “आधी त्यांचं घ्या,” ज्ञानदानं बाकड्याकडं बोट दाखवलं. “त्यांचा अर्ज माझ्या आधीचा आहे. तोच माणूस आहे.” शिपाईबाईनं निजामभाईंकडं बघितलं. निजामभाईंनी शरयूकडं बघितलं. राहीबाई उठून जवळ आल्या होत्या. “आक्का, माझ्या सोनियाचं बी तेवढं सांगा की. तुमी सांगितलं की लिवत्यात ह्ये लोक.”

सगळ्यांची तोंडं तिच्याकडं वळली होती. एक वाक्य बोलायचं होतं, तेवढ्यापुरतं सगळं ठाणं थांबलं होतं. शरयूच्या मनात तेव्हा काय आलं? आलं ते असं, की एकीचं सांगितलं तर आईनं सांगितलं असं होईल, दोघींचं सांगितलं तर बाईसाहेबांनी ठाण्यात येऊन आकडे वाढवले असं होईल. एकाला क्षमा आहे, दोनाला नाही. वर साहेबांपर्यंत जाईल. आणि त्या भानगडीत ज्ञानदाचाही गुन्हा अडकेल. “आधी हिचं होऊ दे,” ती राहीबाईंना म्हणाली, “मग तुमचं मी बघते हं.” त्यातला ‘हं’ तिचा स्वतःचाच, दोन जिल्ह्यांना फोनवर ऐकवलेला, साखरेवाणी. राहीबाई बाकड्यावर जाऊन बसल्या. लिहिणं लांबत गेलं, हळदीच्या पाळीची वेळ झाली, तेव्हा त्या पदर सावरून उठल्या, दारात क्षणभर रेंगाळल्या आणि गेल्या. शरयूनं त्यांना जाताना पाहिलं. तिला बरं वाटलं, असं म्हणताना जीभ जड होते, पण बरंच वाटलं.

“दार लावल्याचं आलं ना यात?” सही करण्यापूर्वी ज्ञानदानं विचारलं. “आलंय,” शरयू म्हणाली. कागदात आलं होतंच, खोटं काही नव्हतं. बाहेर पडल्यावर चिंचेखाली ज्ञानदा थांबली. “तू सांगणार नव्हतीस.”

“अगं, नाहीतर घेतला नसता त्यांनी गुन्हा.”

“हो ना,” ज्ञानदा म्हणाली. “तेच तर.” आणि स्कूटी सुरू करून निघून गेली. शरयू रिक्षानं स्टँडवर आली. गाडीत तिनं स्वतःची समजूत घातली, की पोर अजून हबकलेली आहे, राग ओसरेल, गुन्हा नोंदला गेला हे महत्त्वाचं. आणि राहीबाईंसाठी सोमवारी फोन करू. सोमवारी साहेबांची बैठक होती. मंगळवारी मुकुलच्या भावाकडं वास्तुशांत होती. असं करत करत पुढचा आठवडाही निघाला. मन मोठं हुशार असतं. जे करायचं नाही त्याच्यासाठी ते कधी नाही म्हणत नाही, उद्या म्हणतं. पुढं त्या मेहुण्याला अटक झाली आणि जामीनही झाला, ज्ञानदानं ती नोकरी सोडली आणि कुपवाडला एका प्रयोगशाळेत लागली. हे सगळं शरयूला तात्यांकडून कळलं. पोरगी फोनवर बोलायची, पण भाजी, हवा, तात्यांचं बीपी, एवढंच. आणि महिना संपला.

तक्ते आले. सांगलीच्या पानावर मळेभागासमोर, विनयभंगाच्या रकान्यात, एक. शरयू त्या एकाकडं बराच वेळ बघत राहिली. तिची पोर तिथं उभी होती, त्या बारीक उभ्या रेघेत, आणि तिच्यामागचं ते दार त्या रेघेत नव्हतं. आपल्या पोरीला जन्म दिला तेव्हाही दवाखान्याच्या तक्त्यात एक वाढला असेल, असा काहीतरी वेडगळ विचार तिच्या मनात आला. शेजारी यंत्रानं आपण होऊन लाल अक्षरांत लिहिलं होतं, वाढ शंभर टक्के. आणि पत्र गेलंही होतं. ‘आपल्या ठाण्याच्या आकडेवारीत वाढ दिसून येते. वाढीचे कारण कळवावे.’ खाली तिचं नाव. तिनं फोन उचलला आणि मळेभाग ठाण्याला लावला.

“निजामभाई, त्या राहीबाई यायच्या ना, त्यांचं काय झालं?”

“कोन ती जतवाली? मॅडम, त्यो अर्ज निकाली निघाला. मायलेकी गावाकडं गेल्या परत. कायबी तक्रार न्हाई म्हनून अंगठा दिलाय बाईनं. वाट बघत हुती ती लय दिवस. तुमी बघते म्हनला हुता न्हवं. रोज इचारायची, आक्कांचा फोन आला का म्हनून. मग बंद झाली यायची.”

“पत्राचं उत्तर धाडलंय तुमाला,” निजामभाई म्हणाले. “साहेब म्हनले दुसरं कायतरी लिव्ह. पर मला सुचंना, मॅडम. जे हाय ते लिवलं. राग मानू नका.” उत्तर आलेलं होतं. तिनं उघडलं. एवढ्या वर्षांत तिनं ढीगभर खुलासे वाचले होते. यात्रेमुळे वाढ, निवडणुकीमुळे वाढ, नवीन वसाहतीमुळे, ऊसतोड टोळ्यांमुळे, सोशल मीडियामुळे वाढ. एकही तिनं कधी खरा मानला नव्हता, आणि एकही कधी नाकारला नव्हता. हा दोनच ओळींचा होता. ‘एका गुन्ह्याची वाढ ही, फिर्यादी आपल्या कार्यालयातील कर्मचारी महिलेची मुलगी असल्याने झालेली आहे. अन्यथा ठाणे हद्दीत गुन्ह्यांचे प्रमाण नियंत्रणात आहे.’

तिनं तो वाचला. पुन्हा वाचला. अपमान शोधून पाहिला, सापडला नाही. माणसानं खरंच विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. वाढीचं कारण काय? गुन्हा घडला हे कारण नव्हतंच, गुन्हा तर दोनदा घडला होता. ज्ञानदाचा मोजला गेला, सोनियाचा गेला नाही, आणि दोघींत फरक काय तर एकीची आई शरयू आणि दुसरीची राहीबाई. म्हणजे आजवर या दोन जिल्ह्यांत जे आकडे शून्यावर थांबले त्या प्रत्येक शून्याचं कारणही हेच असणार, की त्या मुली कुणा शरयूच्या नव्हत्या. तेवढी शून्यं तिनं तपासून, बरोबर आहेत म्हणून, पुण्याला पाठवली होती. खाली नेहमीचे दोन चौकोन होते, खुलासा मान्य, खुलासा अमान्य. अमान्य केलं तर शेरा लिहावा लागतो. तिनं लिहिला, ‘सदर ठाण्यात याच आरोपीविरुद्ध आणखी एक गुन्हा दाखल होणे आवश्यक होते, आकडा दोन हवा.’ वाक्य बरं जमलं होतं. आता ते पाठवलं की दोन्ही जिल्ह्यांचं पुण्याला जायचं काम अडणार, विचारणा होणार, ठाण्यात कोण गेलं होतं, कशासाठी, ‘बघते’ कोण म्हणालं होतं. साहेब दारातून डोकावले. “बाई, मळेभागचं तेवढं मान्य करून टाका, आज पुण्याला जायला पाहिजे. आणि खुलाशात असं काही लिहितात का हो? पण जाऊ द्या, एकच तर आहे.”

तेवढ्यात ज्ञानदाचा फोन आला. कित्येक दिवसांनी तिनं आपण होऊन केलेला.

“महिना संपला ना,” ती म्हणाली. “मोजलं?”

“हो गं. आलंय तक्त्यात.”

“किती?”

“एक.”

पलीकडं प्रयोगशाळेतलं कुठलं तरी यंत्र घरघरत होतं. “सोनियाचं लग्न लावून टाकलं,” ज्ञानदा म्हणाली. “राहीबाईंचा फोन आला होता मला. तुला त्यांनी नमस्कार सांगितलाय.” मग म्हणाली, “एक म्हणजे मग मी नाही, आई. तुलाच मोजलंय त्यांनी.”

तिनं फोन ठेवला. रागानं आपटला नाही, नुसता ठेवला. शरयूनं समोरचा शेरा एकेक अक्षर मागं घेत पुसला. निजामभाईंचा खुलासा खरा होता. तिनं तो मान्य केला.